पुलाखालची बेटं

शनिवारी सकाळी वरसाव्याच्या नाक्यावर, फाउंटन हॉटेलपाशी, गाड्यांची रांग लागते. ठाण्याकडून घोडबंदर रस्त्याने आलेले आणि दहिसरकडून आलेले इथे एकत्र होतात, महामार्गाचा पूल ओलांडतात आणि दमण, डहाणू, सापुतारा अशा वाटांना पांगतात. मार्च २०२३ मध्ये नवा चौपदरी पूल खुला झाला, तेव्हापासून खाडी कधी आली आणि कधी गेली हे गाडीतल्या माणसाला कळतही नाही. त्या पुलाखाली वसईची खाडी आहे. पश्चिमेला काही मैलांवर ती समुद्राला मिळते आणि तिच्या पात्रात, तिच्या मुखाजवळ, तिथून थोडं उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी छोटी बेटं आहेत. माणसं शांत बेटांच्या शोधात विमानाने अंदमानला, मालदीवला जातात. जावं जरूर, पण अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असलेली ही बेटं आपल्याला नावानेही माहीत नसावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरं तर वरसाव्याला उभा असलेला माणूस आधीच एका बेटावर उभा असतो. (हे वरसावे मीरा-भाईंदरचं, अंधेरीजवळचं वेसावे नव्हे.) उल्हास नदी ठाण्याजवळ आली की तिचं पाणी दोन वाटांनी जातं. एक वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरते, दुसरी घोडबंदरवरून पश्चिमेला वसईच्या खाडीत. या दोन खाड्या आणि अरबी समुद्र यांच्या मधली जमीन म्हणजे साष्टी. दक्षिणेकडे तिच्यापासून वेगळी असलेली मुंबईची सात बेटं भराव घालून एक झाली. १८०५ मध्ये शीवचा बांध आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध घालून ती साष्टीला जोडली गेली. अशी मोठी बेटं एकमेकांत मिसळली आणि त्यांचं बेटपण संपलं. ज्या बेटांवर भराव घालणं कोणाला परवडलं नाही, ती लहान बेटं तेवढी उरली.

त्यातलं सगळ्यात जवळचं पाणजू. पश्चिम रेल्वेने भाईंदरहून नायगावला जाताना गाडी एक पूल ओलांडते, मग थोडा वेळ जमिनीवरून धावते आणि पुन्हा दुसऱ्या पुलावर चढते. मधली ती जमीन म्हणजे पाणजू बेट. रोज लाखो माणसं त्यावरून जातात, पण गाडी तिथे थांबत नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली, म्हणजे हे असं वरून जाणं दीडशेहून अधिक वर्षं चाललं आहे.

पाणजू घडलं आहे गाळाने. नदी डोंगरातून बारीक माती आणते. गोड्या पाण्यात मातीचे कण एकमेकांपासून दूर राहून तरंगत येतात. खाडीत खारं पाणी भेटलं की क्षारांमुळे ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. जिथे भरतीचं पाणी आत येताना आणि नदीचं बाहेर जाताना एकमेकांना अडतं, तिथे प्रवाह मंदावतो आणि गाळ जास्त साठतो. साठत साठत तो ओहोटीला उघडा पडू लागला की तिवराची झाडं येतात. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर निघालेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्या मुळांनी वरची हवा घेतं. त्याच मुळांच्या दाटीत पुढच्या भरतीचा गाळ अडतो. अशा रीतीने झाड जमीन बनवतं आणि त्या जमिनीवर आणखी झाडं येतात. पुढे माणसाने कडेने बांध घातले, पाणी सोडायला उघाड्या ठेवल्या आणि आतली खाजणं भातशेतीला, मिठागरांना, कोळंबीला वापरली. वसई-भाईंदरच्या आगरी आणि कोळी कुटुंबांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एकदा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की ते शेत पुन्हा गोडं व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

निसर्ग बघायला येणाऱ्याने इथे डोळे चिखलाकडे लावावेत. ओहोटीला निवट्या वर येतात. हा मासा ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या पडद्यातून हवा घेऊ शकतो, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालतो, नर तर मादीसाठी उड्या मारतात. बिळांच्या तोंडाशी लहान खेकडे एक मोठी नांगी हलवत बसलेले असतात. त्यांना टिपायला बगळे, खंड्या, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले तुतवार. तिवरांत कोल्हेही असतात, संध्याकाळी त्यांची कोल्हेकुई ऐकू येते. हे सगळं बघायला तिकीट लागत नाही. एका जागी अर्धा तास न बोलता उभं राहावं लागतं, एवढंच.

आता या शांततेची दुसरी बाजू. पाणजूला मोटारीचा रस्ता जात नाही. नायगावच्या बाजूने बोट आहे. बोट नसेल तेव्हा गावकरी रेल्वेच्या पुलावरून चालत येतात. कामावर जाणारा, कॉलेजला जाणारी, बाळंतपणाला निघालेली, सगळ्यांची वाट हीच. गाडीतले काही प्रवासी खाडी आली की निर्माल्याची पिशवी किंवा नारळ खिडकीतून, दारातून खाली टाकतात. वेगात असलेल्या गाडीतून पडलेला नारळ म्हणजे दगडच. पुलावरून चालणारे लोक त्याने वर्षानुवर्षं जखमी होत आले आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बेटावरचा एक तरुण असा नारळ डोक्याला लागून गेला. टाकणाऱ्याला ते कळलंही नसेल. त्याच्या मनात श्रद्धा होती, पण खाली माणूस राहतो हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

म्हणून ‘अस्पर्शित बेट’ हे जाहिरातीतलं विशेषण मला पाणजूसारख्या जागेला लावावंसं वाटत नाही. हे बेट रिकामं नाही. ते शांत आहे, कारण तिथे जाणं अवघड आहे, आणि ते अवघडपण रोज कोणीतरी सोसतं. आपण दोन दिवसांसाठी ज्याला निवांतपणा म्हणतो, त्याला तिथली म्हातारी माणसं गैरसोय म्हणतात. पाणजूला पर्यटनस्थळ करण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. निघू द्याव्यात, पण माझं मत स्पष्ट आहे: आधी चांगला धक्का, रात्री-अपरात्री चालणारी सुरक्षित बोट, बोटीत लाइफ जॅकेट, धक्क्यावर दिवा. हे गावासाठी झालं की पाहुण्याची सोय आपोआप होते. उलट क्रमाने केलं तर पाहुण्यांसाठी धक्का होतो आणि गाव पुलावरून चालत राहतं.

पाण्यावरून जाणं आता इथे नव्याने सुरू झालं आहे, ही चांगली खूण. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई रो-रो बोट चालू झाली. रस्त्याने वरसाव्याच्या पुलावरून फिरून जायला सुमारे ३८ किलोमीटर पडतात, पाण्यावरून साडेतीन किलोमीटर. गाडीसकट जाता येतं, पायीही. या बोटीतून पूर्वेला रेल्वेचे पूल आणि त्यांच्यामागे पाणजूची हिरवी रेघ दिसते, पश्चिमेला वसईचा किल्ला जवळ येत जातो. सुट्टीची सुरुवात करायला याहून सोपी वाट नाही.

खाडीच्या दक्षिण ओठावर धारावी बेट. झोपडपट्टीमुळे जगाला माहीत झालेल्या धारावीशी याचा संबंध नाही. उत्तन, चौक, पाली, डोंगरी, गोराई, मनोरी ही गावं मिळून हे जुनं बेट होतं. मधली खाडी आणि खाजणं यांनी ते साष्टीपासून सुटं पडलं होतं. आज भाईंदरहून उत्तनला सरळ बस जाते, त्यामुळे बेट म्हणून ते लक्षात येत नाही. बोरिवलीहून गोराईला आणि मार्व्याहून मनोरीला मात्र अजून बोटच घ्यावी लागते. नाहीतर भाईंदरवरून लांबचा वळसा. चौकच्या टेकडीवरून खाडीचं तोंड आणि समोरची वसई एका नजरेत येते. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना धारावी हातात घ्यावी लागली ती याचसाठी: इथून खाडीत येणारं पोर्तुगीज जहाज अडवता येत होतं. मार्चमध्ये धारावी पडली आणि मे महिन्यात वसई. गोराईच्या बाजूला २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखाली एकही खांब न घेता ८,००० माणसं ध्यानाला बसू शकतात. ते बघायला गर्दी होते आणि व्हावीही. पण मला सुचवायचं आहे ते उत्तनचं कोळीवाड्याकडचं अंग: बांबूच्या वलांड्यांवर ओळीने वाळत टाकलेले बोंबील, डोल जाळ्यांची दुरुस्ती करत बसलेले लोक, चर्चच्या आवारात मराठीतून चाललेली प्रार्थना. डोल जाळं बोटीने ओढायचं नसतं. ते खुंटांना बांधून प्रवाहात तोंड करून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणीच मासा त्यात आणून सोडतं.

तिसरं बेट अर्नाळा, आणि सुट्टीसाठी मला विचाराल तर हेच. विरार स्टेशनवरून अर्नाळ्याची बस मिळते. किनाऱ्यावरून बेट समोरच दिसतं, मध्ये अर्धा-एक किलोमीटर पाणी. बोट वाळूला पूर्ण लागत नाही, त्यामुळे चढता-उतरताना पाय भिजतातच. पलीकडे मोटार नाही. मच्छीमारांची वस्ती, वाळूच्या पायवाटा, नारळ आणि मध्ये किल्ला. पोर्तुगीज या बेटाला गाईंचं बेट म्हणत. गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकाच्या आरंभी इथे पहिली गढी बांधली, मग पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं आणि आज दिसतो तो कोट उभा राहिला. दारावरच्या शिलालेखात बाजीराव पेशव्यांचं नाव आहे. १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. तटापासून सुटा, एकटाच उभा असलेला बुरूज वाळूत आहे, त्याच्यापाशी सूर्यास्ताला बसावं. जून २०२५ मध्ये भारतीय नौदलाने विशाखापट्टणमला पाणबुडीविरोधी युद्धनौका दाखल केली, तिचं नाव आयएनएस अर्नाळा आहे. वैतरणेच्या मुखावर नजर ठेवणाऱ्या या कोटाला हा मान शोभतो.

किल्ल्याच्या आत लोक भाजी पिकवतात. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी येतं कुठून? हे समजलं की लहान बेटावर माणसं किती मावतात तेही समजतं. पावसाचं पाणी रेतीत मुरतं. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं आणि बेटाखाली मधे जाड, कडेला पातळ असा गोड्या पाण्याचा थर तयार होतो. बाडोन घायबेन या डच आणि हर्झबर्ग या जर्मन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी या थराचं गणित मांडलं. गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर असतं. हिशोब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी १ मीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू पाहतं. प्रत्यक्षात रेती, खडक, ओहोटी यांमुळे आकडे बदलतात, पण धोका तोच राहतो. विहिरीला पंप लावून पन्नास खोल्यांचं हॉटेल चालवायचं म्हटलं तर काही उन्हाळ्यांत ती विहीर मचूळ होईल, आणि ती एकट्या हॉटेलची नसते. त्यातच बेटाचा किनारा लाटांनी झिजतो आहे, घरं पाण्यात गेली आहेत. अशा जागी मोठं बांधकाम म्हणजे उरलेल्या जमिनीवर नवं ओझं.

हे भय मनाचं नाही. फिलिपिन्समध्ये बोराकाय नावाचं पांढऱ्या वाळूचं लहान बेट आहे. हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागलं तेव्हा २०१८ च्या एप्रिलपासून सहा महिने सरकारने ते पाहुण्यांना संपूर्ण बंद केलं. त्याच वर्षी थायलंडने माया बेचा किनारा बंद केला, कारण रोजच्या बोटींनी आणि पायांनी तिथलं प्रवाळ मोडलं होतं. तो २०२२ मध्ये उघडला, तोही माणसांची संख्या बांधून. आपल्याच लक्षद्वीपला परवान्याशिवाय जाता येत नाही. माथेरानला मोटार न जाऊ दिल्याने काय वाचलं, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलं आहे. संख्या आधी बांधावी, नंतर बांधायला गेलं की खूप काही गेलेलं असतं.

बेटावरची सुट्टी कधी घ्यायची, हे ठरवायला कॅलेंडरवरची तिथी बघावी. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास. यामागे साधं कारण आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, त्यामुळे भरतीही तेवढी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे त्याच्या जवळचाच आकडा. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती थोडी उशिरा पोहोचते, ते धरून चालावं.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हाचं ते उधाण. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणात पाणी ५ मीटरपर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास ओढी काटकोनात असतात, तेव्हाचा तो भांग. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, प्रवाहालाही जोर कमी. लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर भांगाचे दिवस निवडावेत. चिखलातलं जीवन आणि उघडे पडलेले खडक बघायचे असतील तर उधाणाची ओहोटी, पण मग परतीची बोट नेमकी कधी तरंगेल हे तांडेलाला आधीच विचारून ठेवावं आणि तो सांगेल ते ऐकावं. पावसाळ्यात हा बेत करू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि कोळी बांधव स्वतः नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

खाणं तिथलंच मागावं. खाडीच्या चिंबोऱ्या, शिंपल्या, कोळंबी, ओला किंवा सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी. एखाद्या घरी आधी निरोप दिला तर रांधून मिळतं. त्याचे पैसे न घासता द्यावेत. घरगुती पर्यटन नीट चालू शकतं याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे: वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः बोट वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात आणि प्रत्येक झाडाची ओळख करून देतात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षाने त्यांना हात दिला. वसईच्या खाडीवर हे का होऊ नये? पाणजूच्या, उत्तनच्या, अर्नाळ्याच्या बायकांना मासा, पाणी, झाड यांची माहिती कोणत्याही गाईडपेक्षा जास्त आहे. भाईंदर, नायगाव आणि विरारच्या महाविद्यालयांनी, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार या दोन्ही महापालिकांनी आणि मेरिटाइम बोर्डाने हे काम मनावर घ्यावं. कक्षाने बेटांवर प्रशिक्षण द्यावं, बोर्डाने धक्के नीट करावेत, आणि एका दिवसात किती पाहुणे यायचे हे गावाने ठरवावं.

आणि वाचकांना एक विनंती. रेल्वेने खाडी ओलांडताना निर्माल्य खाली टाकू नका, कोणी टाकत असेल तर त्याचा हात धरा. बेटावर जाल तेव्हा पाण्याची बाटली घरून भरून न्या आणि रिकामी परत आणा. परतीच्या बोटीत गर्दी असेल आणि गावातलं कोणी दवाखान्याला निघालं असेल, तर जागा त्याला द्या आणि तुम्ही पुढच्या फेरीने या.